भावोजींच्या व्हेपसाठी मी वळलेली वात

मैत्रिणींनो, आज मी सूड घेतला. दुपारपासून माझी स्वतःचीच उलटतपासणी चालू आहे.

सिगारेट सुटावी म्हणून मी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढते. हे माझ्या ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंना हसत हसत सांगितलं. तेव्हापासून सासूबाई मला देवघराजवळ फिरकू देत नाहीत. भावोजी स्वतःही व्हेप ओढतात, पण ताईपासून चोरून.

आज दोघं सरोजिनी नगरला आमच्याकडे जेवायला आले. भावोजी बाल्कनीत हळूच म्हणाले, "अनू यार, व्हेपचा कापूस कुठेच मिळेना. तू वातींचा वापरतेस ना? जरा भरून दे."

तो कापूस मी उकळून, वाळवून घेते. व्हेपमधल्या तापणाऱ्या तारेच्या कॉइलमधून तो सैल ओवायचा, म्हणजे ज्याची वाफ होते ते लिक्विड शोषतो. घट्ट पिळला तर कोरडा राहून जळतो. हे पक्कं माहीत असून मी तो समईची वात वळतात तसा तळहातांवर घट्ट वळला.

"वा, हाताला सफाई आहे!" म्हणत भावोजींनी जोरदार झुरका घेतला आणि खोकत खालीच बसले. ताई धावत आली. व्हेप त्यांच्या हातातच होतं.

"अच्छा, असं आहे तर," ती म्हणाली.

खरं सांगते, मला बिल्कुल वाईट वाटलं नाही. त्यांचा घसा जळला, याचंही नाही.

मग ताई माझ्याकडे वळली. "आणि तुला हे माहीत होतं?"

आता सांगा, मी माफी मागायची ती कुणाची?