बेलिफाची बायको गेली तो दिवस

सेउ क्लोदोमिर आमच्या गावच्या कोर्टात सव्वीस वर्षं बेलीफ होते. आमच्याकडे मानाने पुरुषाला सेउ आणि बाईला दोना म्हणतात. समन्स बजावणं, जप्ती करणं, घर रिकामं करून घेणं, ही कामं पाराइबाच्या त्या कोरड्या मुलखात त्यांच्याइतकी चोख कोणी केली नसतील. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कोणाकडून कॉफीचा पेलाही घेतला नाही. तरी ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, की बायका खिडक्या ओढून घ्यायच्या.

त्यांची बायको दोना इरासेमा चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टात गेली. सकाळी चुलीपाशी उभी होती, तिथेच कोसळली. मूलबाळ नव्हतं. सेउ क्लोदोमिरनी डॉक्टरला आणलं, कचेरीतून मृत्यूचा दाखला घेतला आणि तसेच गावात सांगायला निघाले. आमच्याकडे मयताची खबर घरच्यांनीच दारोदार द्यायची असते. अंगात कोर्टाचा काळा कोट, कारण दुसरा धड कोट नव्हता. हातात शिक्क्याचा कागद.

पहिलं दार आमचं. माझे वडील अमादेउ शिंपीकाम करत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. फटीतून वडिलांना कागद दिसला आणि त्यांनी मला खूण केली.

"बाबा बाहेरगावी गेलेत," मी दाराआडून म्हणाले.

"कधी येतील?"

"काही सांगून गेले नाहीत."

 मग ते म्हणाले, "कळवण्यात येतं की..."

इतक्या वर्षांची सवय, जीभ तिकडेच वळली. पुढचं त्यांना बोलवेना. मी आतून अडसर लावला. त्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असणार.

बेकरीवाल्याने फळ्या लावून घेतल्या. पुढच्या घरात चालू असलेला रेडिओ बंद झाला. अशी अकरा घरं झाली. बारावं ज़ेफाचं. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. तिचं दार सताड उघडं होतं.

"या, सेउ क्लोदोमिर. मी आता कोणाचं देणं लागत नाही, मला तुमची भीती नाही."

"कागद तुमच्या नावाचा नाही. इरासेमा गेली."

ज़ेफा मटकन खाली बसली. "आपली इरासेमा?"

"तुमची ओळख होती?"

"ओळख?" तिने डोळे पुसले. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. जप्तीच्या आदल्या दिवशी ती पाव आणायला निघायची आणि ज्याच्याकडे तुम्ही येणार, त्याच्या दारापुढे चप्पल झटकायची. थांबायची नाही, बोलायची नाही. आम्ही समजून घ्यायचो. ही इस्त्री तेव्हा विहिरीत टांगली होती मी. नाहीतर पोरांना काय खायला घातलं असतं?"

 ज़ेफा उठली आणि गल्लीत निघाली. तिला सगळी दारं उघडली.

दुपारपर्यंत त्यांच्या छोट्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्या बायकांनी त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, त्या इरासेमाचे पाय धरून रडत होत्या. सेउ क्लोदोमिर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांच्याजवळ कोणी जाईना. शेवटी वडील गेले, मागोमाग मी.

"अमादेउ," ते हळूच म्हणाले, "साठ सालच्या जप्तीत तुझं शिलाई मशीन कुठे होतं?"

वडिलांनी मान खाली घातली. "कोंबड्यांच्या खुराड्यात. वर गोणपाट."

"मी लिहिलं होतं, जप्तीयोग्य वस्तू आढळली नाही."

"हो."

"कितीदा लिहिलं असेल तसं. मला वाटायचं, गावच दरिद्री आहे." ते बायकांकडे बघत राहिले. "आमच्याकडे कधी एक बाई फिरकली नाही. विचारलं की म्हणायची, मला माणसांची वर्दळ सोसत नाही. मी खरंच धरलं. माझ्यासमोर बसून सगळं आयुष्य एकटीने काढलं हिने."

 वडिलांनी सेउ क्लोदोमिरच्या दंडावर हात ठेवला. चार वाजता आम्ही तिला पुरून आलो.

ही गोष्ट त्यांनी कोर्टात सांगितली असती तर अर्धं गाव अडकलं असतं. ते बोलले नाहीत. पण नोकरीही सोडली नाही. पेन्शनला दोन वर्षं होती. आता त्यांना घरं भरलेली सापडत. कपाटं, रेडिओ, शेळ्या, सगळं यादीत चढायचं आणि हातगाडीवर लादलं जायचं. तिसऱ्या महिन्यात बेकरीवाल्याची तराजू-मापं नेली. लोक पुन्हा खिडक्या ओढून घेऊ लागले. मीही त्यांतलीच.

पेन्शनीत निघाले त्या आठवड्यात ते किनाऱ्याकडे बहिणीच्या गावी राहायला गेले. बसथांब्यावर निरोप द्यायला ज़ेफाखेरीज कोणी नव्हतं. तिने विचारलं, "परत याल ना कधी?"

"कोणाच्या दारात येऊ?" ते म्हणाले, आणि पिशवी उचलून बसमध्ये चढले.