कर्ण्याचं तोंड

शेलार गावच्या धोंडूबाईला देवाने गळा दिला, आणि जाऊ दिली ती सीताबाई. दोघीही धवलारणी. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात धवले गायला बसते ती धवलारीण. तिला नारळ-सुपारी देऊन मानाने बोलवायचं. तो मान गावात आधी सीताबाईला. ती पहिली ओळ घालणार, धोंडूबाई मागून झेलणार. माईक अर्थात पहिलीच्या तोंडाशी.

आता लग्न धोंडूबाईच्या सख्ख्या नातीचं, रुचिकाचं. तरी लेक केसरीनाथ नारळ घेऊन गेला सीताबाईच्याच दारी! "तू घरचीच हायस ना आये," वर आईलाच म्हणाला.

"नातीच्या धवल्याची पहिली ओळ मी घालायची न्हाय, तर गळा काय शिंक्यावर ठेवू?"

रुचिका आकाशाचा अभ्यास करते. मेंदीचे हात वाळवत बसली होती, तेव्हा आजीने विचारलं, "त्या दुर्बिणीतून बघतंस तरी काय गो?"

"ब्लेझार, आजी. फार लांबच्या दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असतं. जवळ येईल ते ओढतं, आणि त्यातलं काही झोतासारखं बाहेर उडतं. त्या झोतातून गॅमा किरण निघतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वर आकाशात सोडलेल्या दुर्बिणीने टिपतो."

"म्हंजे लय मोठा असंल त्यो."

"झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे, म्हणून इतका झगझगीत. तेवढ्याच जोराचे दुसरेही आहेत. त्यांचं तोंड भलतीकडे, म्हणून मंद दिसतात."

धोंडूबाईने मांडवावरच्या कर्ण्याकडे पाहिलं. तोंड थेट गावाकडे, पाठ मागच्या गोदामाकडे. अस्सं! म्हणजे सीतीचा गळा मोठा नव्हेच.

हळदीला माणसं जमायच्या आत तिने मंडपवाल्या लडकूला गाठलं. "कर्णा गोदामाकडं फिरव. गावात आजारी माणूस हाय."

आजारी होतं खरं एक माणूस, पण ते दुखणं औषधाचं नव्हतं.

सीताबाईने धवला धरला. गणपतीला बोलावलं, सूर्याला, चांदाला बोलावलं. गावातून कोणी वाहवा केली नाही. धोंडूबाईला गार वाटलं. तेवढ्यात गोदामाच्या भिंतीवर एक डोकं उगवलं, मग दुसरं, मग सगळी पाळीच. गाडी भरायची सोडून हमाल उभे.

"क्या आवाज है अम्मा! एक और!"

पाटावर बसलेली रुचिका हसू दाबत म्हणाली, "आजी, झोत कुणी फिरवला गं?"

"वाऱ्यानं."

सीताबाईने पदराने घाम पुसला आणि माईकमधूनच हाक मारली, "धोंडे, रुसलीस तरी हिकडं येऊन रुस. मागची ओळ झेलाया कोन न्हाय. तुज्याबिगर मना दम पुरत न्हाय."

सगळ्या गोदामाने ऐकलं. आता न बसून सांगते कोणाला? धोंडूबाई नाक मुरडत उठली, जावेला खेटून बसली. एक ओळ झेलली, दुसरी झेलली, आणि झेलता झेलता माईक बोटभर आपल्याकडे ओढला.

पुढच्या धवल्याला सीताबाई श्वास भरते न भरते, तोवर पहिली ओळ धोंडूबाईच्या तोंडून निघालीसुद्धा.

सीताबाईने कपाळाला आठी घातली. मग ओळ झेलली.