पाव्हण्यासाठी सडा

अहमदपूरला घरात नळ आला, तरी दारात सडा टाकताना माझा हात अजून आखडतो. धूळ भिजल्याचा वास आला की लातूरचा कारखाना आठवतो. गॅसबत्तीत जी कापडी जाळी पेटते, ते मेंटल तिथं बनायचं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता अन् दुष्काळ होता. प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं. आम्ही बाया वाळलेली मेंटलं झटकून डब्यांत भरायचो. पांढरी धूळ पापण्यांवर बसायची.

एकदा मालक म्हणाले, "उद्या मुंबईचे साहेब हवा तपासायला येणार. मेंटलच्या मसाल्यातून घातक किरणं निघतात म्हणे. हवेत धूळ जास्त निघाली तर ती ओढणारा पंखा बसवू."

सकाळी आमच्यातल्या थोरल्या सरूबाईनं प्यायच्या रांजणातून घागर भरली.

मी म्हणाले, "बाई, मग दिवसभर प्यायचं काय?"

"पाव्हणा यायलाय, त्याला धुराळ्यात बसवतीस व्हय?" म्हणत तिनं सगळीकडं सडा टाकला. त्या दिवशी धूळ खालीच बसून राहिली.

साहेबांनी पंप लावला. एका गोल कागदातून हवा ओढत तो संध्याकाळपर्यंत घरघरत होता. कागद पाकिटात घालून साहेब गेले.

पुढं निकाल आला, हवा चांगली आहे. सरूबाईनं खुशीनं गूळ वाटला. पंखा आलाच नाही.

त्या कागदात गेली ती पाव्हण्यासाठी केलेली हवा. आमची हवा दुसऱ्याच दिवशी पापण्यांवर येऊन बसली होती.