पिवळे तंतू

ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या त्या कारखान्यात तेलाची चाचणी घेणारे गृहस्थ एकतीस वर्षे एकाच स्टुलावर बसत आले होते, आणि एवढ्या काळात त्यांनी कशालाही ‘छान’ म्हटल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. अँपिअरचा दशलक्षांश मोजतात म्हणून कामगारांनी त्यांचे नाव ‘मायक्रो’ पाडले होते. टेबलामागे त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी होती : ‘काचपात्रास कापड लावू नये. पात्र केवळ चाचणीच्या तेलानेच विसळावे.’ ती न पाळणाऱ्या दोघांना त्यांनी खोलीबाहेर काढले होते, ते कायमचेच.

पण त्यांचे खरे हाडवैर तेल गाळण्याचे यंत्र चालवणाऱ्या फिल्टरवाल्याशी. हा त्यांचा सख्खा साडू. बायका बहिणी, घरे समोरासमोर, आणि दोघांचे सख्य विळ्या-भोपळ्याचे. “सासऱ्यांनी डोळे झाकून धाकटा जावई केला,” असे मायक्रो म्हणत. “थोरल्याच्या वेळी उघडे होते, तरी फसले,” असे उत्तर येई.

एसी वीज डीसी करणाऱ्या केंद्रातल्या एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे तेल आठ-नऊ दिवसांत तिसऱ्यांदा नापास झाले. गाळणीच्या शेडमधल्या एसी चाचणीत ते उत्तम उतरे. मायक्रोंच्या टेबलावर डीसी लावले की बिनसे. तेल चांगले असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह डीसी लावल्यावर हळूहळू ओसरतो. येथे काटा उलट चढत जाई, आणि चौथ्या मिनिटाला पात्रातल्या दोन पितळी गोळ्यांमध्ये फट्‌कन ठिणगी पडे.

“साडूबुवा, तासाभरापूर्वी पास, आता नापास?” फिल्टरवाला दारातूनच म्हणाला. “तेल आहे की तुमचा स्वभाव?”

“एसी क्षणाक्षणाला दिशा उलटतं. तेलातल्या तंतूंना रांग लावायला फुरसत मिळत नाही. डीसी एकाच दिशेनं ओढत राहतं, मग तंतू या गोळ्यापासून त्या गोळ्यापर्यंत पूल बांधतात. तुझा फिल्टर पेपर फाटलाय.”

“कालच नवा घातलाय.”

“मग डोकंही नवं घालून बघ.”

कारखान्याच्या मालकांनी दोघांनाही गप्प केले. चौथी चाचणी उद्या आपल्यासमोर होईल. तेल पुन्हा नापास झाले तर फिल्टरवाल्याने घरी जावे, असे त्यांनी बजावले.

संध्याकाळी मेव्हणी उंबऱ्यातच उभी राहिली. “भावोजी, माझ्या संसारानं तुमचं काय घोडं मारलंय?”

“मी काही करत नाही. काटा करतो.”

“काट्याला बहीण नसते!” ती फणकारली.

दुसऱ्या दिवशी मायक्रोंनी दिवा आणि भिंग मांडले. साडूच्या पेपरचे तंतू मालकांना डोळ्यांनी दाखवायचे, असा त्यांचा बेत होता. दहा दिवसांपूर्वी घेतलेला नवा चष्मा त्यांनी चढवला. गोळ्यावर बोटाचा पुसट ठसा दिसला. जुन्या चष्म्यातून असले काही दिसतच नसे. चष्म्याच्या डबीतल्या मऊ फडक्याने, रोजच्यासारखा, तो त्यांनी टिपला, तेल ओतले, आणि बुडबुडे विरावेत म्हणून घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे थांबले. मग डीसी लावले.

काटा चढू लागला. दारातला फिल्टरवाला पांढराफटक पडला. मायक्रो समाधानाने भिंगावर वाकले.

तंतू खरोखरच होते. एकामागे एक, शेपटाला तोंड लावून ते गोळ्यांमध्ये उभे राहत होते. पण ते पांढरे नव्हते. पिवळे होते, हळदीसारखे पिवळे.

त्यांचा हात आपोआप डबीकडे गेला. फडके पिवळे होते. चष्मा दहा दिवसांचा, आणि पहिली नापास चाचणी नऊ दिवसांपूर्वीची.

“दिसतंय का काही?” मालकांनी विचारले. त्यांनीही भिंगातून वाकून पाहिले होते, पण धूसर ठिपक्यापलीकडे त्यांना काही दिसले नव्हते.

साडूला वाचवावे असे मायक्रोंना त्या क्षणीही वाटले नाही. तो गेला असता तर त्यांना बरेच वाटले असते. पण एकतीस वर्षांत त्यांनी रजिस्टरात खोटे अक्षर लिहिले नव्हते, आणि या माणसापायी ते लिहिणे त्यांना अपमानाचे वाटले.

“दिसतंय,” ते कोरडेपणाने म्हणाले. “याचा पेपर पांढरा आहे. हे तंतू माझ्या फडक्याचे आहेत.”

डीसी बंद करून त्यांनी पात्र रिकामे केले, त्याच नमुन्यातल्या ताज्या तेलाने पाच वेळा विसळले आणि चाचणी पुन्हा लावली. काटा ओसरत ओसरत तळाशी जाऊन बसला. ठिणगी पडली नाही.

“म्हणजे ती पाटी आमच्यापुरतीच होती तर!” फिल्टरवाला कडाडला. “माझ्या बायकोला काल रडवलंत ते या चिंधीपायी? आणि उपकार केल्यासारखं तोंड करू नका!”

“तुझ्यावर उपकार? तेवढा मी उदार नाही.”

मालकांनी तेथल्या तेथे ठरवले, की यापुढे प्रत्येक चाचणीला फिल्टरवाल्याने हजर राहावे आणि रजिस्टरात दोघांच्या सह्या असाव्यात. मायक्रोंना ही शिक्षा हाकलून देण्याहून जबर वाटली; पण त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या सकाळी साडूने आपले स्टूल आणून नेमके समोर ठेवले. तेल ओतले गेले. पाच मिनिटे दोघे एकमेकांकडे न पाहता बसले. मायक्रोंनी सवयीने चष्मा काढला, डबी उघडली.

“साडूबुवा,” समोरून शांतपणे आवाज आला, “पुसायचा तर बाहेर.”

मायक्रोंनी पाटीकडे पाहिले, दात आवळले, आणि उठून बाहेर गेले.