कोलशेतच्या यार्डातला लोडर

आम्ही पोहोचलो तेव्हा मशीन आधीच चालू होतं, आणि माझं डोकं तिथंच फिरलं.

जुनं मशीन बघायचं तर थंड असताना बघायचं. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन कसं सुरू होतं, किती धूर सोडतं, यावरून त्याची तब्येत कळते. जुनी मशीनं विकणाऱ्या यार्डवाल्याला मी आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलेलं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. तो हो म्हणालेला.

"इंजिन गरम का आहे?" मी विचारलं.

"भाऊ, तुमच्यासाठीच जरा फिरवून तयार ठेवलंय." प्रश्न माझा होता, उत्तर माझ्या थोरल्या भावाला.

आंबिवलीकडे आमची भाताची जमीन आहे, दादाच्या आणि माझ्या नावावर. आजूबाजूला इमारती उठायला लागल्या तसे डंपरवाले आमची पाठ वळली की राडारोडा आणून खाचरात ओतायचे. फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, सळ्या. तक्रारी करून झाल्या, कोणी आलं नाही. तो ढीग आम्हालाच उपसायचा होता. चाकांचं मशीन त्या चिखलात रुतून बसतं, म्हणून रबरी पट्ट्यांवर चालणारा छोटा लोडर हवा होता. नंतर बांध घालायला, गोठ्यातलं शेण उचलायलाही तो कामाला आला असता. नवा परवडणारा नव्हता.

हा यार्डवाला दादाला एका हळदीत भेटलेला. तिथंच दादाने मनातल्या मनात मशीन घेऊन टाकलेलं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये अर्धं आयुष्य घालवलंय. दादाच्या ट्रॅक्टरचा जॅकसुद्धा मीच नीट करून दिलेला. त्या दिवशी तो ते सगळं विसरला.

रंग ताजा होता. मी खाली वाकून पट्ट्यात बोट घातलं. रबर चिरलेलं, आतली तार बाहेर आलेली. पट्टा फिरवणाऱ्या चक्राचे दात झिजून आकड्यासारखे वळलेले. आत रोलरमध्ये नखाने खरवडलं तर रंगाखालून राखाडी खपली निघाली.

"हे कुठे चाललेलं?"

"शेतीवरच, ताई. एकाच मालकाच्या हातचं मशीन आहे."

"कुठल्या शेतात सिमेंट पिकतं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. यार्डवाला हसला, जणू मी गंमत केली.

मी बकेटमध्ये रेती भरायला लावली, ती उंच उचलून लीव्हर सोडून द्यायला सांगितलं. बकेट जागेवर थांबायला हवी. ती सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली येऊ लागली.

"सिलिंडरचे सील गेलेत," मी म्हटलं.

"तसं नाय ताई, गरम झाल्यावर तेल पातळ होतं ना."

"मग गरम कशाला केलंत?"

तो बकेट रिकामी करायला लागला. मग मशीन सरळ पुढे न्यायला लावलं, तर ते सारखं डावीकडे ओढत होतं. त्या बाजूचा पट्टा फिरवणारी मोटर दमलेली. दादा मला कुंपणाकडे घेऊन गेला.

"बाय, बस कर आता. चार लोकांत माझी इज्जत काढतेस."

"तुझी इज्जत राखायला मी भंगार विकत घेऊ?"

"तुला चालवायचंय काय ते?"

"पैसे माझेही जाणारेत. मी देणार नाही."

तो तसाच मागे वळला. यार्डवाल्याला गाडीत बसवून सरळ जेवायला निघून गेला, मला तिथंच सोडून. रिक्षा मिळेपर्यंत मी उन्हात उभी होते. यार्डवाल्यावरचा माझा राग लवकर उतरला, खोटं बोलणं हा त्याचा धंदाच होता. दादावरचा उतरला नाही. त्याला माझं खरं वाटत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलेलं.

पुढे मुरबाडकडे एका भाजी पिकवणाऱ्या माणसाकडे दुसरा लोडर मिळाला. त्याने सकाळी लवकर बोलावलं, इंजिनवर हात ठेवून बघा म्हणाला. पट्टे एवढा हंगाम निघतील, मग बदलावे लागतील, हेही त्यानेच आधी सांगितलं. दादा सोबत होता, पण तपासलं मीच. आम्ही तो घेतला. लावणीच्या आधी ढीग निघाला. डंपर आत शिरायचे तिथे मी आडवा चर खणून घेतला.

लोडर दादाच चालवतो, चांगला चालवतो. गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात तो पाहुण्यांना सांगत होता, "मशीन मी स्वतः पारखून घेतलंय. त्या कोलशेतवाल्याचं तर मी बघताक्षणीच नाकारलं." मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, कोलशेतच्या मशीनचं काय बिघडलेलं, सांग ना यांना."

तो हसला. पाहुणेही हसले. मी ताट तिथंच ठेवून घरी निघून आले.