अंगठ्याखालचं भोक

कर्नाटक सीमेवरच्या कमलनगरच्या स्टँडसमोर पंक्चर काढणारा एक म्हातारा बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घमेल्यातल्या पाण्यात तो ट्यूब सावकाश फिरवतो, बुडबुडे आले की भोकावर अंगठा दाबून धरतो आणि मगच मान वर करून बोलतो.

सहा वर्षांच्या लेकीला मी मराठी-कन्नड दोन्हीत शिकवणाऱ्या, मुलांच्या कलानं चालणाऱ्या शाळेत घातलं, तेव्हा सगळी भावकी हसली होती. त्यात लेकीनं "मला पंक्चर शिकायचंय" म्हटलं आणि तिच्या बाई तिला रोज या म्हाताऱ्याकडे आणू लागल्या. मग माझाही धीर सुटला. इंग्रजी शाळेचा फॉर्म खिशात घालून मी तिला न्यायला आलो.

"उद्यापासून ही यायची न्हाई, दुसऱ्या शाळेत घालायलोय," मी म्हाताऱ्याला सांगितलं.

ठिगळ लावलेली ट्यूब त्यानं गिऱ्हाइकापुढं धरली. लेकीनं ती हिसकून परत पाण्यात बुडवली आणि ओरडली, "अज्जा, इल्ली इन्नोंदु!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, अजून एक भोक हाय!" बुडबुड्यांवर तिचा अंगठा थेट त्याच्यासारखा दाबलेला.

म्हातारा खदखदून हसला. "अण्णा, काळ्या हातानं वर्गात गेलो म्हणून मास्तरनं मला हाकललं. हिला तर शाळाच हात काळे करायला धाडायलीय. कामून काढायलाव?"

फडकं सापडेना. मी खिशातला फॉर्म काढला आणि लेकीची दहाही बोटं त्याला नीट पुसली.

भावकी घरी आली की तो कागद मी आधी दाखवतो, चहा नंतर.