भाडेचिठ्ठीतल्या दोन कोऱ्या जागा

वडिलांनी माझ्या नावावर केलेल्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. ग्वाल्हेरच्या एका शिक्षिकेची इंदूरला बदली झाली, तिने पत्र पाठवून त्या मागितल्या. दिरांना त्याच खोल्या देपालपूरचा कांदा साठवायला हव्या होत्या. "पहिल्या तारखेपर्यंत दोघींच्या सह्यांचा कागद दाखवा वहिनी, नाहीतर माझी गाडी आलीच समजा," असं ते बजावून गेले.

मला शिक्षिकाच हवी होती. माझी शाळा चौथीत सुटली. कुणाजवळ तरी बसून पाचवीचं पुस्तक वाचावं असं फार मनात होतं, पण ते मी कुणाला बोलले नव्हते.

हे तेव्हा मोजणीच्या कामावर मंदसौरकडे होते. भाडेचिठ्ठी लिहून घ्यायला मी एकटीच राजवाड्याजवळच्या मुनशीकडे गेले. त्याने सगळं लिहिलं आणि विचारलं, "बाईजी, पति का नाम?"

मी पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

"अच्छा, हम बोलते हैं, आप गर्दन हिलाओ," असं म्हणून तो एकेक नाव घेऊ लागला. मी नाही नाही म्हणत राहिले. रामायण संपवून तो महाभारतावर आला. मागे थांबलेली माणसंही सुचवू लागली. एक म्हातारा म्हणाला, "अरे भिया, कौरव रहने दो, बाई रो देगी."

मुनशीने हात टेकले. जागा कोरी ठेवून म्हणाला, "घर पे भर लेना."

घरी लेखणी घेऊन बसले. हात चालेना. शेवटी सही करून कागद तसाच ग्वाल्हेरला धाडला.

आठ दिवसांनी तो परत आला. शिक्षिकेची सही होती, पण तिच्या यजमानांच्या नावाची जागाही कोरीच! सोबत चिठ्ठी: "हे फिरतीवर आहेत. शाळेत मुलींना मी खूप काही सांगते, पण हे मात्र माझ्याच्याने होत नाही. आपणच काही मार्ग काढा."

तिच्या पाकिटाच्या पाठीवर तिच्या यजमानांचं नाव छापलेलं होतं. मी बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग ते तिच्या कोऱ्या जागेत सरळ उतरवून काढलं. हात जरासुद्धा अडला नाही. कागद पुन्हा ग्वाल्हेरला धाडताना ह्यांच्या नावाचं एक जुनं पाकीट सोबत घातलं आणि लिहिलं, "माझ्या जागेत तुम्ही लिहा."

एक तारखेला सकाळी कांद्याची गाडी दारात उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग पोस्टमन. दिरांनी कागद उभ्यानेच वाचला.

"वहिनी, दादाचं नाव कुणी लिहिलं हे?"

"भाडेकरीण बाईंनी."

"आणि तिच्या नवऱ्याचं?"

"मी."

"म्हणजे तुम्ही परक्या पुरुषाचं नाव लिहिलंत, आणि दादाचं लिहायला ग्वाल्हेरची बाई!"

"हो भाऊजी."

त्यांनी कागद माझ्या हाती परत दिला. बैल वळवताना दोन पोती मात्र आमच्याच ओट्यावर सांडली.

पुढे हे घरी आल्यावर कागदावर आपलं नाव पाहून एवढंच म्हणाले, "अक्षर छान आहे हो त्यांचं."

तेच अक्षर शिकायला मी रोज दुपारी वर जाऊ लागले.